टेबल तीन खाचा पुढे

राजापूरहून निघताना शेजारच्या वहिनींनी विचारलं होतं, "जालन्याला काय आहे गो बघायला?" मला उत्तर देता आलं नाही. आता देते. मी पस्तीस टन सळई लादलेल्या ट्रेलरात, ड्रायव्हरच्या शेजारी बसून, जालन्याहून राजूरला जाऊन आले. एकसष्टाव्या वर्षी! वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, मला एसटी मिळाली नसावी.

जाण्याच्या प्रवासाचं रडगाणं गात नाही. पाठ आखडली, पाय सुजले, पोचले. डी.एड.ची मैत्रीण शोभा लग्न होऊन जालन्याला गेली ती तिकडचीच झाली. "ये ये" म्हणून तीस वर्षं बोलवत होती, आणि शाळेतून निवृत्त झाल्यावर मला एकदाचा मुहूर्त लागला.

मस्तगड

शोभाचं घर जुन्या जालन्यात, मस्तगडला, खाली कापडाचं दुकान आणि वर तीन खोल्या. गल्लीत रिक्षा, मोटरसायकली आणि धान्याच्या पोत्यांच्या हातगाड्या एकाच वेळी घुसतात आणि कुणीही कुणावर रागावत नाही, याचं मला फार नवल वाटलं. आमच्याकडे एवढ्यात दोन खटले उभे राहिले असते.

संध्याकाळी लवकरच ताट आलं. ज्वारीची भाकरी, भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या येसराची आमटी आणि लाल ठेचा. भाकरी केवढी, तर ताटाच्या बाहेर! आमची तांदळाची भाकरी मऊ, नाजूक. हिला दोन हातांनी मोडावी लागते. मासळीशिवाय माझं जेवण होत नाही असं मी जन्मभर सांगत आले. त्या आमटीपुढे मी गप्प बसले आणि तिसरी भाकरी मागितली.

तेवढ्यात शोभाचे दीर भास्करराव आले. पन्नाशी उलटलेली, गुडघ्यांनी त्रासलेले. वीस वर्षं स्वतः ट्रक चालवला, आता तीन ट्रेलरांचे मालक. त्यांच्यामागून दारात एक उंच गृहस्थ गाडीची किल्ली द्यायला उभे राहिले. ते युनूसभाई, भास्कररावांचे ड्रायव्हर.

"वैनी, मला वाढू नका. डोकं ठिकाणावर न्हाई," भास्करराव म्हणाले. "सादी गाडी घेऊ म्हणत व्हतो. ह्यानं मला भरीला घातलं. आता ते टेबल हलून राह्यलंय."

मी कान टवकारले. टेबल? मग मला समजावून सांगण्यात आलं. ट्रेलर म्हणजे एक गाडी नव्हे. पुढची इंजिनाची गाडी वेगळी, तिला ड्रायव्हर लोक घोडा म्हणतात. मागचा लांबलचक सांगाडा वेगळा. घोड्याच्या पाठीवर एक जाड लोखंडी ताट असतं, त्यावर ट्रेलरचं तोंड टेकतं आणि फिरतं. कागदोपत्री ते फिफ्थ व्हील, बोलण्यात टेबल. बहुतेक गाड्यांत ते एका जागी पक्कं असतं. भास्कररावांनी घेतलेल्या जुन्या गाडीत मात्र ते रुळांवर पुढेमागे सरकवता येत होतं.

"ते सरकतंय म्हणून तं घ्या म्हणलं मी," युनूसभाई दारातूनच म्हणाले. "दोन खेपा वजनकाट्यावर घोड्याची मागची चाकं जादा भरली. टेबल पुढं घेतलं असतं तं वजन पुढच्या चाकावर गेलं असतं. तुमी हातच लावू दिला न्हाई, मालक."

"आन रस्त्यात सुटलं मंग? बसवलेली चीज हलली न्हाई पाहिजे. मी वेल्डरला सांगितलंय. उद्या टाके मारतो, किस्सा खतम!"

युनूसभाईंनी किल्ली खुंटीला अडकवली. "मारा. पण उद्याची एक खेप मला सरकवू द्या. न्हाई जमलं तं मी सोता वेल्डिंगचा सेट उचलून आणतो, आन त्या गाडीवर दुसरा डायवर ठेवा. मी जबान दिल्ती तुमाला."

युनूसभाई अकरा वर्षं सौदीत, दम्मामला असले ट्रेलर चालवत होते, हे शोभाने हळूच सांगितलं. चार वर्षांपूर्वी परत आले. तिकडे टेबल सरकवतात हे त्यांनी अड्ड्यावर सगळ्यांना सांगितलं, आणि तेव्हापासून लोक त्यांची टर उडवतात. कुणी पंक्चर काढत बसला तरी विचारतात, दम्मामला हे कसं करतात हो?

आता मला राहवेना. तीस वर्षं मी सातवीला तरफ शिकवली, पट्टी आणि खोडरबर घेऊन! मी उठले, स्वयंपाकघरातून लाटणं आणलं, त्यात तूरडाळीची पिशवी अडकवली. लाटण्याचं एक टोक शोभाच्या हातात दिलं, एक मी धरलं.

"शोभा म्हणजे पुढचं चाक, मी म्हणजे मागचं. आता बघा." पिशवी माझ्याकडून शोभाकडे सरकवली, तसा तिचा हात खाली गेला.

"अगं नले, जड झालं की!" शोभा ओरडली.

युनूसभाईंचा चेहरा असा उजळला, काय सांगू! "बराबर! बिलकुल बराबर, ताई! हेच मी चार साल झाले सांगून राह्यलो!"

भास्करराव लाटण्याकडे बघत राहिले. "बाई, तुमच्या लाटण्यावर पस्तीस टन सळई न्हाई." मग स्वतःच ताट ओढून भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "ठीक. उद्या एक खेप. तुमी बी या बघायला, एवढी हौस हाय तं."

हौस? मी रात्रभर कूस बदलत होते.

कारखान्याचं आवार

सकाळी भास्करराव आणि मी पोचलो तर सळईचा कारखाना आधीच पेटलेला. शेडच्या आत लालभडक सळई रुळांवरून सळसळत धावते, आणि आपण लांब उभं राहिलो तरी गालाला धग लागते. कोकणातल्या उकाड्याला मी सरावलेली, पण हा उकाडा कोरडा. घाम येतो तो दिसायच्या आत वाळतो.

ट्रेलर भरला आणि काट्यावर चढला. या फाटकाची पद्धत अशी, की नुसतं एकूण वजन बरोबर असून भागत नाही. पुढच्या चाकांवर किती, मागच्यांवर किती, हे वेगवेगळं बघतात. खिडकीतल्या काटेवाल्याने भोंग्यावरून पुकारलं, "मागचं जादा! बाजूला घ्या!"

आवाराच्या कोपऱ्यात वेल्डर आपला सेट मांडून विडी ओढत बसला होता, तिकडे भास्कररावांनी मान वळवली.

युनूसभाईंनी गाडी सपाट, सरळ जागी नेली. ट्रेलरचे ब्रेक दाबून धरले, त्याच्या चाकांखाली लाकडी ठोकळे ठोकले. मग खडूने रुळावर एक रेघ मारली. रुळाला करवतीसारख्या खाचा असतात, आणि ज्या खाचेत पिन बसते तिथे टेबल थांबतं. रेघ तिसऱ्या खाचेवर होती.

आता गंमत ऐका. टेबल पुढे न्यायचं तर घोडा मागे घ्यायचा! ट्रेलर ब्रेकवर खिळलेला, टेबल ट्रेलरला धरून. मग घोडाच त्याच्याखालून मागे सरकतो. सातवीच्या पोरांना हे सांगितलं असतं तर वर्ग डोक्यावर घेतला असता.

अडचण एकच होती. युनूसभाईंचा क्लीनर लग्नाला गावी गेला होता, आणि रेघ आली की ड्रायव्हरला कळवायला बाजूला कुणीतरी हवं. भास्कररावांना गुडघ्यांमुळे वाकता येईना.

"मी आहे की!" मी पदर खोचला.

"ताई, एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चाल," युनूसभाई म्हणाले.

"ते मला नका शिकवू. आमचा जन्म एसटीत गेला. सिंगल बेल, डबल बेल."

एवढी शेखी मिरवायला नको होती.

युनूसभाईंनी दांडा ओढला, पिन सुटली, ते केबिनमध्ये चढले. घोडा मुंगीच्या पावलाने मागे येऊ लागला. रूळ कुरकुरले, पस्तीस टनांचं ते ओझं लोखंडावर सरकू लागलं. पहिली खाच. दुसरी. रेघ! मी ट्रेलरच्या पत्र्यावर एक थाप मारली. घोडा जागच्या जागी थांबला, अगदी रेघेवर.

मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की मी पत्र्यावर आणखी दोन थापा मारल्या. "शाब्बास रे पठ्ठ्या!" वर्गात एखाद्या पोराच्या पाठीवर मारते तशा. बस्स, पिन पडायच्या आत घोडा पुन्हा हलला आणि ती खटकन चौथ्या खाचेत जाऊन पडली.

मागे दोन ट्रक भोंगे वाजवत होते. भास्करराव ओरडले, "घे काट्यावर, जल्दी!" काटा समोरच होता, सरळ रेषेत. गाडी गेली, चढली. आणि भोंग्यावरून आवाज आला, "पास!"

अहो, काय जल्लोष! सकाळपासून "दम्माम, दम्माम" करणारे ड्रायव्हर शिट्ट्या मारू लागले. भास्कररावांनी टोपी काढून हवेत हलवली. "मानलं, युनूसभाई! मानलं!" आणि लगेच कोपऱ्याकडे हाक मारली, "अय वेल्डर! हिकडं ये. ह्याच खाचेत टाके मारून टाक. आता हलवायचंच न्हाई!"

युनूसभाई खाली उतरले. केबिनची मागची बाजू आणि ट्रेलरचं तोंड यांच्यामध्ये त्यांनी आपला हात कोपरापर्यंत धरून बघितला. मग रुळाकडे गेले, खडूच्या रेघेजवळ वाकले.

"मालक, एक खाच जादा गेली."

"पास झाली की!"

"वजनाला पास झाली. वळणाला न्हाई होणार. ट्रेलरचा कोपरा केबिनीत घुसंल."

जिंकलेला डाव हा माणूस स्वतःच्या हाताने मोडत होता. कुणीतरी मागून म्हणालं, "झालं! घाबरला दम्मामवाला." वेल्डर सेट ओढत जवळ आला होता. भास्कररावांचा चेहरा पडला. "तूच रेघ मारली, तूच मागं घेतली, आन आता जादा गेली म्हणतो?"

युनूसभाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोन थापा कुणाच्या होत्या हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि तरी ते बोलले नाहीत. पाहुणी बाई, मालकाच्या घरची. मला तर धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. पण तीस वर्षं पोरांकडून चुका वदवून घेतल्या, आता कुठल्या तोंडाने गप्प बसू?

"भास्करराव, चूक माझी," मी म्हटलं. "गाडी रेघेवर थांबली होती. मीच आनंदाच्या भरात दोन थापा मारल्या. ट्रेलरला शाबासकी दिली मी."

"ट्रेलरला?"

"हो."

सगळं आवार हसलं. काटेवालाही खिडकीतून हसला. मीही हसले, पण डोळ्यात पाणी होतं माझ्या.

भास्करराव हसले नाहीत. "वळवून दाखव," ते युनूसभाईंना म्हणाले. मोकळ्या जागेत युनूसभाईंनी घोडा अगदी सावकाश वळवला. ट्रेलरचा कोपरा केबिनकडे येऊ लागला. येत गेला, येत गेला, आणि अर्धं वळणही झालेलं नसताना मध्ये चारच बोटं उरली. युनूसभाईंनी ब्रेक मारला. वेल्डरने न सांगता सेटचं बटण बंद केलं.

"घे एक खाच मागं," भास्करराव म्हणाले.

या वेळी मी हात पाठीमागे घट्ट बांधून उभी होते आणि तोंडाने "थांब" ओरडले. तिसऱ्या खाचेवर गाडी पुन्हा काट्यावर गेली. आकडा वर गेला, खाली आला, थरथरला. "पास! पण काठावर हाय!" भोंगा ओरडला.

मला वाटलं, सुटलो. पण भास्करराव वेल्डरला सांगत होते, "संध्याकाळी अड्ड्यावर ये. तिसरी खाच बराबर हाय. तिथंच टाके मारू." युनूसभाई ठोकळे गोळा करत होते. त्यांनी ते ऐकलं, आणि एक ठोकळा हातात घेऊन तसेच उभे राहिले.

राजूरच्या वाटेवर

सळई राजूरला जायची होती, मीही येते म्हटलं. केबिन एवढी उंच, की मला चढवायला खालून एक आणि वरून एक असे दोन माणसं लागली. मधे मी, खिडकीशी भास्करराव. गाडीत बसायला त्यांनी निमित्त काढलं की राजूरच्या गणपतीचं दर्शन राहिलंय. खरं म्हणजे त्यांना टेबलावर नजर ठेवायची होती, दर पाच मिनिटांनी मागच्या काचेतून बघत होते.

वरून दिसणारा मुलूख मी विसरणार नाही. मोसंबीच्या बागा, कपाशी, आणि आभाळ किती मोठं! आमच्याकडे वळणावळणाला डोंगर आडवा येतो. इथे रस्ता पुढे पळतो तो पळतोच.

"दम्मामला तं वळणच न्हाई," युनूसभाई सांगत होते. "दिवस दिवस स्टेअरिंग सीधं. एकदा मी घरी फोन करून सांगितलं, आज एक वळण आल्तं."

मी खो खो हसले. "मग परत का आलात? तिकडे पगार चांगला असेल."

"लेकीला फोन दिल्ता बायकोनं. लेक म्हणली, अम्मी, वो अंकल का फोन है. मी त्याच महिन्यात आलो, ताई."

भास्कररावांनी मागच्या काचेतून बघणं थांबवलं. मग युनूसभाईंनी डबा पुढे केला. त्यांच्या बायकोने, शमीमभाभींनी, दिलेली खिचडी आणि वर ओतायला चिंचेचा खट्टा. तीळ-शेंगदाण्याचा तो आंबट रस गरम खिचडीवर ओतून, हलत्या केबिनमध्ये, साडीवर सांडत मी खाल्ला. डाग अजून गेलेला नाही.

राजूर

राजूरला गणपतीच्या देवळात गर्दी होती. पेढ्यांची, फुलांची दुकानं होती. शेतमाल विकायला आलेली माणसं दर्शन घेऊनच घरी जातात. आम्हीही घेतलं. बाप्पासमोर मी टेबलासाठी हात जोडले, हे लपवत नाही. गणपतीकडे मागायला ही गोष्ट नवीनच असावी.

गावाबाहेर एका मंगल कार्यालयाचं बांधकाम चालू होतं, तिथे अर्धी सळई उतरायची होती. उरलेली पुढे भोकरदनच्या बाजूला एका पुलाच्या कामावर. माल उतरत असताना पुलावरच्या मुकादमाचा फोन आला. कच्च्या रस्त्यावर एक वळण फार आकसलंय, गाडी जपून आणा.

युनूसभाईंनी भास्कररावांना बाजूला बोलावलं, पण मी ऐकलंच.

"मालक, आता माल अर्धा. वजनाची फिकीर न्हाई. पण वळण कडक हाय. टेबल दोन खाचा मागं पाहिजे, केबिनला जागा मिळंल." ते क्षणभर थांबले. "सकाळी वेल्डिंग मारली असती तं आता हितूनच वापस जावं लागलं असतं."

भास्करराव टेबलाजवळ गेले. वाकता येत नव्हतं तरी वाकले. काळ्या ग्रीसमध्ये ती पिन तिसऱ्या खाचेत बसलेली होती, तिच्याकडे बघत राहिले. बांधकामावरच्या बाया, गवंडी, दोन शेतकरी, सगळे आमच्याभोवती गोळा झाले होते. मला वाटलं, हे आता म्हणतील, राहू दे, वळण तू सांभाळून घे.

"चावी आण," भास्करराव म्हणाले. "मी घेतो गाडी. तू खाली थांब आन सांग."

गुडघे दुखत होते तरी ते चढले. युनूसभाईंनी ठोकळे लावले, दांडा ओढला आणि बाजूला उभे राहिले. टेबल मागे न्यायचं म्हणजे आता घोडा पुढे. वीस वर्षं गाडी चालवलेला मालक आत, आणि बाहेरून ड्रायव्हर त्याला हुकूम देतोय!

"आस्ते, मालक. आनखी. आनखी थोडं. जल्दी नको करू!" घाईत त्यांच्या तोंडून मालकाला एकेरी निघून गेलं, आणि दोघांनाही ते कळलं नाही. "आता येऊ द्या... बस!"

खटकन आवाज झाला. भास्कररावांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बसली का?"

युनूसभाई धुळीत आडवे झाले, ट्रेलरखाली शिरले. भास्करराव ब्रेकवर पाय दाबून, मान बाहेर काढून तसेच थांबले. मला त्या बाजूला फक्त युनूसभाईंच्या चपला दिसत होत्या.

"बसली," खालून आवाज आला. "हात लावून बघितली, मालक."

भास्कररावांनी तिथेच, ड्रायव्हरच्या सीटवर बसून, खिशातून मोबाईल काढला आणि वेल्डरला फोन लावला. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलत होते. "आज येऊ नको. न्हाई, उद्या बी नको. आता ते टेबल युनूसभाई म्हणंल तवा हलंल, आन तो म्हणंल तिथं थांबंल."

युनूसभाई बाहेर आले. पाठ धुळीने भरलेली, हात ग्रीसने काळे. बांधकामावरच्या एका बाईने त्यांना चिंधी दिली. ते हात पुसू लागले, आणि हात स्वच्छ झाल्यावरही मान खाली घालून कितीतरी वेळ पुसतच राहिले.